आईला न झालेला दमा

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मॅट्रिक झाल्यावर शिकवण्याचं एक वर्षाचं ट्रेनिंग घेऊन मी मेहकर तालुक्यातल्या एका मोठ्या गावात शिक्षिका म्हणून लागले होते. गावातल्याच एका संस्थेची शाळा होती. आमचं घर मेहकरला, वडील तिथल्या कचेरीत कारकून. शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी जायचं आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत यायचं, असा माझा आठवडा होता.

माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. त्यात एकाच नावाच्या दोन मुली होत्या. एकीचे वडील शाळेच्या कमिटीवर होते. दुसरीचे गावाबाहेर नाल्याकाठी भाजीपाला लावायचे. दोघींची बसायची जागा एकच, शेजारी शेजारी. आणि निकालपत्रकातही दोघींची नावं एकाखाली एक.

त्या वर्षी एप्रिलमध्ये चिखलीला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. एकची गाडी गाठायची होती. सकाळी शाळेत बसून मी निकालपत्रक भरायला घेतलं, तेव्हा माझं अर्धं लक्ष हातातल्या घड्याळाकडे आणि अर्धं लग्नात नेसायच्या साडीकडे होतं. मराठी, इतिहास, भूगोल नीट उतरले. गणिताच्या रकान्यात त्या दोघींचे गुण मी एकमेकींच्या नावापुढे लिहिले. मला ते कळलंही नाही. सही केली, पत्रक हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं आणि पळत स्टँडवर गेले.

लग्नाहून आल्यावर निकाल वाचून दाखवला. कमिटीवाल्यांची मुलगी पास झाली. मळेवाल्यांची नापास. ती माझ्यासमोर उभी होती. मी तिला म्हटलं, "गणितात कमी पडलीस गं. या वर्षी नीट अभ्यास कर." तिनं मान हलवली, पिशवी उचलली आणि गेली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ती आली नाही. चौकशी केली तर कळलं, नापास झाली म्हणून बापानं नाव काढलं. अशा मुली दर वर्षी दोन-चार असायच्याच. मला वाईट वाटलं, पण तेवढंच.

जुलैत एके दिवशी नकाशे शोधायला मी वर्गातलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. वाळवी तर नाही ना लागली, म्हणून सोडून पाहिला, तर वरच तिची गणिताची उत्तरपत्रिका. लाल शाईनं माझ्याच हातानं लिहिलेले गुण होते अठ्ठावन्न. मी तिच्या नावापुढचं वडिलांचं नाव पुन्हा वाचलं. मग दुसरीची शोधून काढली. सतरा.

दोन्ही उत्तरपत्रिका घेऊन मी हेडमास्तरांकडे गेले. ते निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. माझ्याशी कधी वाईट वागले नव्हते. त्यांनी दोन्ही पाहिल्या, चष्मा काढला आणि दार लोटून घ्यायला सांगितलं.

"बाई, पत्रकावर तुमची सही आहे, माझी सही आहे, शाळेचा शिक्का आहे. त्यात आता खाडाखोड कशी करायची?"

"चूक माझी आहे, सर. मी लिहून देते."

"लिहून द्याल. मग त्या दुसरीला नापास करावं लागेल. ती पाचवीत बसते आहे महिनाभर. तिच्या वडिलांना तुम्ही सांगाल का?"

"तिला राहू द्या पास. हिलाही पास करा."

"कशाच्या आधारावर? हिची उत्तरपत्रिका काढली की तिचीही काढावी लागेल," ते म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, मला वर्ष राहिलं आहे. तो गठ्ठा बांधून ठेवा."

मी गठ्ठा बांधून ठेवला. पण दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर मळ्याकडे चालत गेले. मुलीचे वडील वांग्यांना पाणी देत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाण्याची वाट दुसऱ्या सरीत वळवली आणि म्हणाले, "झालं ते झालं, बाई. आता तिची माय बाळंत झाली. घर कोन पाहीन? राहू द्या." ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मुलगी पलीकडे झाडाला बांधलेल्या झोळीतल्या बाळाला झोका देत होती. माझ्याकडे तिनं एकदा पाहिलं. मी तिच्याकडे पाहून हसल्यासारखं केलं आणि परत फिरले.

गावात गोष्ट कोणी नेली मला माहीत नाही. आठ दिवसांत ती सगळीकडे झाली होती. कमिटीवाले शाळेत आले, हेडमास्तरांच्या खोलीत बोलणं झालं, आणि संध्याकाळी मला सांगण्यात आलं की मी स्वखुशीनं राजीनामा द्यावा. दिला. ऑगस्टमध्ये ट्रंक आणि वळकटी घेऊन मी मेहकरला घरी आले.

वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "कागदावर काय लिहिलं?" मी म्हटलं, "घरगुती कारण." ते म्हणाले, "मग ठीक आहे."

दिवाळी झाल्यावर मलकापूरच्या एका मुलींच्या शाळेची जाहिरात आली. शिक्षिकेची जागा मधेच रिकामी झाली होती. मी अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या दिवसापासून वडिलांनी माझी तयारी सुरू केली. त्यांची सगळी नोकरी साहेबांच्या मेमोंना खुलासे लिहिण्यात गेलेली. प्रश्नाला उत्तर द्यावं, पण हाती काही लागू देऊ नये, ही कला आपल्याला येते असं त्यांचं म्हणणं होतं.

संध्याकाळी जेवणाआधी ते डोक्यावर टोपी घालून पलंगावर बसत. मी समोर स्टुलावर.

"आधीची नोकरी का सोडली?"

"घरगुती कारणामुळे."

"असं खाली पाहून नाही. माझ्याकडे पाहून सांग. काय कारण?"

"घरी अडचण होती."

"कसली अडचण?"

वडिलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आईची तब्येत बरी नव्हती म्हण."

आई आत भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मले काय धाड भरली?"

"नुसतं सांगायचं आहे."

"काय झालं होतं म्हणून विचारलं त काय सांगीन ते? काही नाव तरी द्या."

वडील विचारात पडले. टायफॉइड लवकर बरा होतो. क्षय म्हटलं तर लोक पोरीलाही लांब ठेवतील. शेवटी दमा ठरला. दमा येतो, जातो, ऑगस्टमध्ये असू शकतो आणि दिवाळीनंतर नसू शकतो. आई म्हणाली, "बरं, दमा त दमा," आणि तव्यावरची भाकरी उलटली. आम्ही तिघंही हसलो. पण अंथरुणावर पडल्यावर मला ते हसणं आठवून बरं वाटलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं निघाले. चिखली, बुलढाणा करत, राजूरचा घाट उतरून मलकापूरला पोचेपर्यंत मी उत्तरं मनात घोकत होते. स्टेशनकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, त्यातून वाट काढत शाळा गाठली. व्हरांड्यात माझ्यासारख्या आणखी चौघी बसल्या होत्या. एक सारखी पदर सारखा करत होती. माझा नंबर तिसरा लागला.

आत तिघं होते. मधे शाळेचे चेअरमन, कापसाचे व्यापारी, वयस्क, अंगात बंद गळ्याचा कोट. त्यांच्या डाव्या हाताला शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले एक डिप्टी साहेब. उजवीकडे शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. त्यांच्यासमोर माझा अर्ज होता.

सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. व्यवहारी अपूर्णांक मुलींना कसे समजावून सांगाल? मी भाकरीचे तुकडे करून सांगते, असं म्हटलं. मोठ्या बाईंनी मान हलवली. मग डिप्टी साहेबांनी अर्ज आपल्याकडे ओढला.

"ऑगस्टमध्ये नोकरी सोडली. वर्षाच्या मधे. का?"

"घरगुती कारणामुळे," मी त्यांच्याकडे पाहून म्हटलं. "आईची तब्येत बरी नव्हती."

"काय झालं होतं?"

"दमा."

डिप्टी साहेबांनी पुढचा प्रश्न विचारण्याआधीच चेअरमन पुढे वाकले. त्यांचा चेहरा एकदम बदलला. "दमा फार वाईट," ते म्हणाले. "आमच्या घरी बारा वर्षं झाली. थंडी सुरू झाली का त्यांना आडवं होता येत नाही, उशा लावून बसून असतात. तुमच्या आईचं औषध कोणाचं चालू आहे? आता तिला बरं आहे ना? घरी दुसरं कोणी आहे का तिच्याजवळ?"

ते खरंच विचारत होते. घरी जाऊन बायकोला सांगता येईल असं काही औषध माझ्याकडून कळतं का, हे त्यांना हवं होतं. डॉक्टरचं नाव मी ठरवून आले नव्हते, पण तेवढं सुचलं असतं. ते सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"माझ्या आईला दमा नाही."

"म्हणजे?"

"तिला काहीच झालेलं नाही. ती धडधाकट आहे. मी खोटं सांगितलं."

बाहेर गाडीवान बैलांना ओरडत होता, तेवढं ऐकू येत होतं. चेअरमन मागे टेकले. मला वाटलं आता उठावं. पण डिप्टी साहेब म्हणाले, "मग खरं काय ते सांगा," आणि मी सांगितलं. दोन मुली, गणिताचा रकाना, जुलैतला गठ्ठा, मळा, राजीनामा. मला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. चार-पाच मिनिटांत सगळं संपलं.

डिप्टी साहेबांनी विचारलं, "गुण चुकले कसे? कामाचा ताण होता का?"

त्यांनी ते मला सोडवण्यासाठी विचारलं की अडकवण्यासाठी, मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, "नाही. लग्नाला जायची घाई होती."

"हेडमास्तरांनी तपासायला नको होतं का? त्यांची सही आहे ना?"

"आहे. पण गुण मी चढवले होते."

"आम्ही तुम्हाला घेतलं आणि इथंही असंच झालं, तर?"

मी म्हटलं, "आता मी गुण लिहून झाल्यावर पत्रक एक दिवस तसंच ठेवीन. दुसऱ्या दिवशी कोणाला तरी उत्तरपत्रिका मोठ्यानं वाचायला लावीन आणि मी पत्रकावर बोट ठेवून पाहीन. आणि तरीही चूक झाली तर…" मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. "तर येऊन सांगीन."

मोठ्या बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी विचारलं, "मुलगी काय म्हणाली?"

"कोण?"

"जिचे गुण चुकले ती. तुम्ही हेडमास्तरांना सांगितलं, तिच्या वडिलांना सांगितलं. तिला सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली?"

चार महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता.

"तिच्याशी मी बोलले नाही," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "या तुम्ही. कळवू."

घरी पोचले तेव्हा आईनं दारातच विचारलं, "चालला का मग माझा दमा?" मी पाणी प्यायले आणि खाली बसून सगळं सांगितलं. वडील ऐकत होते. मला वाटलं रागावतील, एवढी मेहनत वाया घालवली म्हणून. सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "त्या बाईंनी बरोबर विचारलं."

त्या रविवारी मी पुन्हा त्या गावाला गेले. कोणाच्या घरी न जाता सरळ मळ्यात. मुलगी एकटीच मिरच्या तोडत होती. चार-पाच महिन्यांत उंच झाली होती. मी तिच्याजवळ बांधावर बसले.

"गणितात तू नापास नव्हतीस," मी म्हटलं. "अठ्ठावन्न होते तुला. माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं."

ती म्हणाली, "मले मालूम होतं."

"तुझ्या वडिलांनी सांगितलं?"

"नाही. पयलेच मालूम होतं. पेपर सोपा गेला होता मले. सगळी गणितं जुळली होती."

"मग तेव्हाच बोलली काऊन नाही?" तिच्या बोलण्याचं वळण मलाही लागलं होतं.

तिनं मिरच्यांच्या टोपलीतली पानं काढली. "तुमी म्हनलं नापास. मंग मले वाटलं, मलेच जुळल्यासारखं वाटलं असन."

एप्रिलमध्ये तिनं मान हलवली होती ती याच्यासाठी. आपल्याला येतं असं जे तिला वाटत होतं, ते माझ्या एका वाक्यानं तिनं खोटं धरलं होतं. शाळा सुटली, नोकरी गेली, हे सगळं त्यापुढे मला थोडं वाटायला लागलं. मी तिला म्हटलं, "तुझी सगळी जुळली होती. मी स्वतः तपासलीत. चुकलं ते माझं." हे मी तिला दोन-तीनदा सांगितलं.

तिनं जरा वेळानं विचारलं, "मंग आता ते नापास होईन का?" ती म्हणजे तिची नावबहीण, शेजारी बसणारी.

"नाही."

"तिले नका करजा नापास. तिले खूप मारतात घरी."

मी तसं कबूल केलं. जाताना तिनं मला ओंजळभर मिरच्या दिल्या, पदरात बांधून.

घरी येऊन मी वडिलांना म्हटलं, मला लेखी द्यायचं आहे. ते कचेरीतला चांगला कागद घेऊन बसले. खुलासे त्यांनी आयुष्यभर लिहिले होते, पण या कागदाला दोन दिवस लावले. गणित विषयाचे गुण नोंदवताना माझ्या हातून चूक झाली, सदर विद्यार्थिनी उत्तीर्ण आहे, जबाबदारी सर्वस्वी माझी, एवढाच मजकूर. दुसऱ्या मुलीचा त्यात उल्लेख नव्हता. मी सही केली. एक प्रत मुलीच्या वडिलांना दिली, एक हेडमास्तरांना पोस्टानं पाठवली.

हेडमास्तरांनी उत्तर दिलं नाही. पण पुढच्या जूनमध्ये, निवृत्त होण्याच्या थोडं आधी, त्यांनी त्या मुलीला बोलावून घेतलं, आपल्या समोर बसवून गणिताचा नवीन पेपर दिला आणि पाचवीत घेतलं. जुन्या पत्रकाला त्यांनी हात लावला नाही. बाळ तोवर चालायला लागलं होतं, म्हणून बापानंही नाही म्हटलं नाही. एक वर्ष गेलं ते गेलंच. पण ती सातवी पास झाली.

मलकापूरची नोकरी मला मिळाली. मुलाखतीनंतर पंधरा दिवसांनी पत्र आलं. माझ्या खरेपणावर कमिटी खूश झाली असणार, असं मी बरीच वर्षं मनात धरून होते. मग एकदा मोठ्या बाईंसोबत स्टाफरूममध्ये चहा घेताना विषय निघाला. त्या म्हणाल्या, "डिप्टी साहेबांचं तुमच्या नावाला नाहीच होतं. ते म्हणाले, एकदा खोटं बोलणारी पुन्हा बोलेल. चेअरमन म्हणाले, मला तरी तिनं फार वेळ फसवलं नाही."

"आणि तुम्ही?"

"मला गणित शिकवणारी हवी होती," त्या म्हणाल्या. "त्या पाचजणींत भाकरीचे तुकडे करणाऱ्या तुम्ही एकट्याच." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "पण तुमच्या पत्रकावर सही करण्याआधी मी पहिली दोन वर्षं दोनदा पाहत होते."

मला त्याचं वाईट वाटलं नाही. मीही दोनदाच पाहत होते. वर्गातल्या एका मुलीला मोठ्यानं वाचायला बसवायची आणि बोट ठेवून गुण जुळवायची सवय लागली ती निवृत्त होईपर्यंत राहिली. तरी चुका झाल्याच. एकदा भूगोलात, एकदा हजेरीत. एका मुलीवर पेन चोरल्याचा आळ घेतला होता, तो सगळ्यांत वाईट. प्रत्येक वेळी त्या मुलीला एकटीला बाजूला घेऊन आधी तिला सांगायचं आणि मग ती काय म्हणते ते ऐकायचं, एवढं मी पाळलं. त्यातल्या काही रडल्या, काही हसल्या. पेनवाली माझ्याशी वर्षभर बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

मळ्यातल्या त्या मुलीचं लग्न साखरखेर्ड्याकडे झालं. बऱ्याच वर्षांनी तिकडच्या बाजारात मला कोणी तरी मागून "बाई" म्हणून हाक मारली. तीच होती. सोबत सासू होती, तिला तिनं सांगितलं, "ह्या मले चौथीले होत्या." आम्ही एका झाडाखाली बसलो. ती नवऱ्याबद्दल बोलली, सासरच्या पपईच्या बागेबद्दल, धाकट्या भावाबद्दल, जो झोळीत होता आणि आता कॉलेजात होता. त्या निकालाचं तिनं काही काढलं नाही. मी काढू का, असं एकदा मनात आलं. पण ती भावाचं कौतुक सांगण्यात रंगली होती, म्हणून मी ऐकत राहिले.